पंचाची भाची

१४ जानेवारी

प्रिय आत्या,

काल टीव्हीवर तुला पाहिलं. खरं तर बघायचं होतं जिम्नॅस्टिक्सच्या खेळाडूंना, पण कॅमेरा मधूनच पंचांच्या टेबलाकडे वळायचा आणि तू दिसायचीस, कुणीतरी तुझ्या चहात मीठ टाकल्यासारखी. ती कोवळी पोर बार्सवरून उतरून तुझ्याकडे बघून हसली, आणि तू चष्म्यावरून तिच्या पायाच्या बोटांकडे बघत होतीस. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, तुझी आत्या घरी पण अशीच असते का. (हीच ती, हाताला लावायच्या खडूने जिला शिंका येतात. आम्ही तिला शिंकरी म्हणतो.) मी सांगितलं, घरी ती चादरीवरच्या सुरकुत्यांचे गुण कापते.

बरं, आता अभिनंदन. बाबांनी दुकानातून फोन करून सांगितलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम ठेवलेली असताना सांगितलं, म्हणजे किती खूष असतील बघ. ऑक्टोबरच्या जागतिक स्पर्धेत बीमच्या टेबलाची मुख्य पंच. इतकी वर्षं कडेच्या खुर्चीवर बसलीस, आता मधल्या. आणि वयाच्या नियमाने पुढच्या वर्षापासून टेबलच बंद, म्हणजे शेवटची आणि सगळ्यांत मोठी. मी शिंकरीला मिठी मारली, ती शिंकली.

आमचाही हंगाम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात बीमच्या अरुंद पट्टीवर मला दहापैकी ९.९ मिळाले. व्हिडिओ पाठवते आहे. बघ आणि तोंड वाकडं करायला सुरुवात कर.

तुझी,
नाकतोडा

---

२८ जानेवारी

प्रिय नाकतोड्या,

पत्र मिळालं. फोनवर आपण दोघी 'जेवलीस का' आणि 'झोपलीस का' यापलीकडे जात नाही, म्हणून पत्राचा हट्ट धरते. तू तो पाळतेस, हा तुझा एकमेव सद्गुण.

व्हिडिओ पाहिला. उडीत पाय पुरते ताणलेले नाहीत. एका पायावर गिरकी घेताना टाच लवकर टेकली. उतरताना डावं पाऊल सरकलं आणि ते झाकायला तू दोन्ही हात वर करून दात दाखवलेस. माझ्याकडून ९.६५, आणि तेही मी त्या दिवशी चांगल्या मूडमध्ये होते म्हणून. तुमच्या कॉलेजच्या स्पर्धा म्हणजे बारसं आहे. आलेल्या प्रत्येकाला काहीतरी द्यायचंच. दहापैकी दहा इतक्या जणींना मिळतात की पुढे अकरा काढावे लागतील.

इकडची बातमी चांगली नाही. राष्ट्रीय संघाच्या कर्णधार मुलीचा घोटा गेला. फ्लोअरवर उतरताना पाय मॅटच्या फटीत अडकला. वर्षभर तरी ती उभी राहत नाही. आता बीमवर उतरवावी अशी संघात कोणी नाही, एकीमागून एक पडतात. पेपरातल्या त्या क्रीडा-सदरवाल्याने लिहिलंय की कॉलेजांमधून मुली आणा. मी वाचून हसले. बँडच्या तालावर आणि पोस्टरं नाचवणाऱ्या मित्रमंडळींच्या गजरात वाढलेल्या तुम्ही. त्या शांत हॉलमध्ये उभं केलं तर तुमची झोप उडेल.

अभिनंदनाबद्दल आभार. पंचांचा निळा कोट शिवायला टाकला आहे. शिंप्याने विचारलं, बाई, लग्न कुणाचं. मी म्हटलं, माझंच समजा.

तुझी आत्या

---

१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझे ९.६५ आमच्या हॉलच्या फळ्यावर लिहून ठेवलेत. आमच्या कोचबाईंनी ते बघून विचारलं, ही बाई कोण आणि तिला कुणी दुखावलं.

दहाची चेष्टा करतेस, पण माझं ऐक. आमच्याकडे सामना बघायला आलेल्या आजोबांनाही दहा म्हणजे काय ते कळतं. तुमच्याकडे अवघडपणाचे वेगळे गुण, सफाईचे वेगळे, आणि बेरीज तेरा पूर्णांक काहीतरी. ते जास्त की कमी, हे खेळणाऱ्या मुलीला तिच्या कोचचा चेहरा बघून कळतं. शिवाय आमच्याकडे एक पडली तर बाकीच्या सगळ्या तिला पकडायला धावतात. तुमच्याकडे पडली की ती टॉवेल डोक्यावर घेऊन एकटी बसते. मी बसले आहे, मला माहीत आहे.

तुझ्या त्या सदरवाल्याला म्हणावं, कॉलेजच्या मुलींना सुखाने राहू दे. मी एकवीस वर्षांची आहे पण माझे गुडघे माझ्याहून मोठे आहेत, ते जिना उतरताना कुरकुरतात. फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष जवळ आलंय. राष्ट्रीय संघाचं माझं केव्हाच संपलं. आता कुणी पालखी पाठवली तरी मी जायची नाही.

कोटाला खिसे ठेवलेस ना? मागच्या कोटाला नव्हते आणि तू पेन केसांत खोचून विसरली होतीस.

तुझी,
नाकतोडा

---

९ मार्च

प्रिय नाकतोड्या,

आज जरा चिडलेली आहे, तेव्हा सांभाळून वाच.

परवा पंचांच्या वर्गात राष्ट्रीय संघाचे मुख्य कोच भेटले. चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, बीमवर कोणी मिळालं का. म्हणाले, मिळाली होती. कॉलेजातली मुलगी. तिला त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं, न कळवता, मागच्या रांगेत बसून. म्हणाले, बीमवर चालते तेव्हा वाटतं ही रस्त्यानेच चालली आहे. जूनच्या निवड चाचणीला तिला बोलावलं आणि तिने नाही म्हणून कळवलं. कारण काय, तर अभ्यास.

नाव विचारलं तर सांगेनात. तिने विनंती केली आहे म्हणे. मला इतका राग आला म्हणून सांगू. ज्या जागेसाठी बाकीच्या पोरी रडतात, ती चालून येते आणि बाईसाहेबांना अभ्यास आहे. अशी संधी घालवणाऱ्या मुलीला समोर बसवून चार शब्द सुनवायची माझी इच्छा आहे. तू ओळखतेस का ती कोण असेल? तुमच्या सामन्यांतून फिरतेस, कानावर काही आलं असेल. आलं असेल तर तिला सांग की एका म्हाताऱ्या पंचाने तिला मूर्ख म्हटलंय.

तुझी संतापलेली आत्या

---

२७ मार्च

प्रिय आत्या,

कोण ते मला कसं कळणार. आमच्याकडे बीमवर चालणाऱ्या पुष्कळ आहेत.

पण तिला मूर्ख म्हणू नकोस. माणसाच्या काही अडचणी असतात. तिच्या घरी कुणी आजारी असेल. किंवा तिच्या जाण्याने दुसऱ्या कुणाचं काही जात असेल. तुमच्या टेबलावरून फक्त पाय दिसतात.

आमची विभागीय फेरी झाली. शिंकरी बार्सवर शिंकली आणि तरीही हात सुटला नाही, लोक उभे राहिले. आम्ही पुढच्या फेरीत गेलो. मला बीमवर पुन्हा ९.९. तू किती देशील ते कळवू नकोस.

मी अभ्यासात आहे, म्हणून पत्र लहान.

तुझी,
नाकतोडा

---

१८ एप्रिल

प्रिय नाकतोड्या,

काल तुझ्या बाबांच्या दुकानात गेले होते, चष्म्याचा नंबर तपासायला. दादाने मला त्या उंच खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि अक्षरं वाचायला लावली. मी वाचत असताना त्याच्या तोंडून निघून गेलं. तो खालच्या ओळीकडे पट्टी धरून उभा होता आणि म्हणाला, अगं, तू पोरीवर रागावू नकोस, ती तुझ्यासाठीच नाही म्हणाली.

नंतर त्याने हातातली पट्टी अशी बघितली जशी काही पट्टीच बोलली. तू त्याला शपथ घातली होतीस, असं तो मला दुकान बंद होईपर्यंत सांगत होता. त्याला बोलू नकोस. तो लहानपणापासून असाच आहे, आईने लपवलेला खाऊ कुठे आहे ते विचारायच्या आधी सांगायचा.

तर ती मूर्ख मुलगी तू. आणि मी, जिला लांबून वाकलेला गुडघा दिसतो, तिला हे दिसलं नाही. तुझं ते लहान पत्र मी दोनदा वाचलं होतं. मला वाटलं, कुणी मुलगा असेल. तुला विचारायचा मजकूरही मनात तयार केला होता, त्यात त्याच्या उंचीची चौकशी होती.

नियम मलाही माहीत आहे. सख्ख्या नात्यातलं कुणी उतरत असेल तर पंचाने त्या स्पर्धेत बसायचं नाही, कुठल्याही टेबलावर. तू पंधरा वर्षांची असताना तुझ्यामुळे मी एकदा टेबलावरून उठले होते, आणि ते तू अजून मनात धरून बसली आहेस असं दादा म्हणाला.

आता ऐक. आज सकाळी मी महासंघाला कळवलं की ऑक्टोबरच्या स्पर्धेला मी बसणार नाही. कारण लिहिलं, कौटुंबिक. त्यांनी दुसरं नाव घातलंसुद्धा, तेव्हा फोन करून गोंधळ घालू नकोस, उपयोग नाही. तुझ्या नकाराबद्दल मुख्य कोचशी मी एक अक्षर बोललेली नाही. चाचणीला जायचं की नाही हे तुझं तू ठरव. फक्त ठरवताना माझी खुर्ची मध्ये आणू नकोस, ती आता रिकामी आहे.

तुझी आत्या

---

२५ एप्रिल

आत्या,

तू मला विचारलं नाहीस.

मी इतके दिवस तोंड बंद ठेवलं. मुख्य कोचना स्वतः जाऊन भेटले. त्यांना खोटं सांगितलं, शिंकरीला खोटं सांगितलं, तुझ्या शिव्या खाल्ल्या आणि हसून घेतल्या. कशासाठी? तू एकदा तरी मधल्या खुर्चीवर बसावंस म्हणून. आणि तू सकाळी उठून एक पत्र टाकून सगळं पुसून टाकलंस.

आता समज मी चाचणीला गेले आणि पडले. किंवा नुसती कमी पडले. मग तुझी जागाही गेली आणि माझीही. घरात सगळे हसून म्हणणार, असू दे, आणि मी आयुष्यभर ते 'असू दे' ऐकत राहणार. बीम चार बोटं रुंद असतं. त्यावर मला एकटीला उभं राहू दे, तुला खांद्यावर घेऊन नको.

आणि हो, मुलगा कोणी नाही. असता तर उंची सांगितली असती.

नाकतोडा

---

६ मे

प्रिय नाकतोड्या,

तुझं पत्र वाचून दादाला दाखवलं. तो म्हणाला, हिचा राग तुझ्यावर गेलाय. मी म्हटलं, रागाचे गुण पूर्ण, सफाईचे थोडे कापते.

तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तूही मला विचारलं नव्हतंस, त्याच कारणाने. तेव्हा आपण दोघी बरोबरीत आहोत.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते तुला पटायचं नाही. वाटलं. ती खुर्ची मला हवी होती. कोट आणायला गेले तेव्हा शिंप्याने तो मला घालून दाखवायला लावला, आणि आरशात बघताना मला माझीच कीव आली. तशीच घालून घरी आले. रस्त्यात ओळखीच्या बाईने विचारलं, कुठे निघालात एवढ्या सजून. मी म्हटलं, भाजीला. आणि खरोखरच भाजी घेऊन आले, म्हणजे खोटं ठरायला नको. दोनचार दिवस तो कोट कपाटाबाहेरच टांगून ठेवला. मग बरं वाटलं. दात काढल्यावर जिभेला तिथे पोकळी लागते, तसं अजून लागतं, पण दुखत नाही.

मी तुझ्या खांद्यावर नाही. मला पंच म्हणून एक गोष्ट नक्की माहीत आहे. जी मुलगी बीमवर दुसऱ्यासाठी चढते ती पडते. कोचसाठी, आईबापासाठी, देशासाठी, आत्यासाठी, सगळ्या पडताना मी बघितल्या आहेत. जी आपल्यासाठी चढते तीही पडते, पण ती परत वर चढते. तुला जायचं नसेल तर नको जाऊस. मी ऑक्टोबरमध्ये घरी सोफ्यावर बसून, पाय वर घेऊन, टीव्हीवर त्या पंचांच्या चुका काढीन. चाळीस वर्षांत तेवढं सुख मिळालेलं नाही.

तुला जायचं आहे का, एवढंच सांग. खरं काय ते.

तुझी आत्या

---

१५ मे

प्रिय आत्या,

जायचं आहे.

इतके दिवस हे शिंकरीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मुख्य कोच मागच्या रांगेत बसलेले मला त्या दिवशी दिसले होते आणि मी मुद्दाम अवघड गिरकी घातली होती. नको म्हणणारी मुलगी असं करत नाही.

आज त्यांना फोन केला. ते म्हणाले, अभ्यास संपला वाटतं लवकर.

तुझी,
नाकतोडा

---

२३ जून

प्रिय आत्या,

निकाल तुला बाबांनी सांगितलाच असेल, मी सांगायच्या आधी. तरी सविस्तर लिहिते.

हॉल शांत होता, तू म्हणालीस तसा. आमच्या कॉलेजात चढण्याआधी पंचवीस जणी नावाने ओरडतात. इथे पंखा फिरलेला ऐकू येत होता. बाकीच्या मुली इतक्या लहान की एकीने मला ताई म्हटलं आणि दुसरीने, बहुधा चुकून, मॅडम. पहिल्या दिवशी मी पडले. उडी मारली आणि बीम तिथे नव्हतंच. मॅटवर बसल्या बसल्या वाटलं, टॉवेल घ्यावा आणि डोक्यावर टाकावा.

तेवढ्यात कोपऱ्यातून शिंक आली. शिंकरी आली होती, मला न सांगता, रात्रभर बसने. मला हसू फुटलं. पंच बघत होते, मी मॅटवर बसून हसत होते. मग उठून परत चढले आणि उरलेलं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी पडले नाही. बाकी तीन प्रकारांत मी सामान्य आहे हे त्यांना कळलं, मलाही कळलं. पण बीमसाठी मला घेतलं. संघात मी शेवटची, पण घेतलं.

तुझ्या सदरवाल्याने लिहिलंय की संघाने एका निवृत्त खेळाडूला कपाटातून काढलं. मी ते कापून आमच्या कपाटावर चिकटवलं.

तू येशील ना ऑक्टोबरमध्ये? तिकीट काढून, साध्या माणसासारखी?

तुझी,
नाकतोडा

---

१७ ऑक्टोबर, हॉटेलवरून

प्रिय नाकतोड्या,

काल तुम्हाला बसमध्ये घालून नेलं आणि मला तुझा फक्त हात दिसला, तोही खिडकीतून, खडूने पांढरा. उद्या तुम्ही थेट निघणार असं कळलं. म्हणून हे लिहिते, तू कॉलेजात पोचशील तेव्हा हे तिथे असेल.

पात्रता फेरीला मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसले. खुर्च्या फार अरुंद असतात, याबद्दल कुणी लिहीत कसं नाही. मला बीम आडवं दिसत होतं, एका खांबाआडून. निळा कोट घातला होता. शिवलाय तर घालायला नको? माझ्या शेजारी टोपीवाले एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी शाळेनंतर जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं की पडल्यावर गुण जातात. मी आभार मानले.

मग तू चढलीस. बाकी तीन जणी करून गेल्या होत्या, एक पडली होती, आणि अंतिम फेरी तुझ्यावर येऊन अडली होती हे मला बेरजेने कळत होतं. गिरकीनंतर तू हललीस. एक पाय हवेत, हात पंख्यासारखे. त्या वेळी माझं काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण मी शेजारच्या गृहस्थांचा दंड धरला होता, असं त्यांनी नंतर दाखवलं. तू सावरलीस. उतरलीस ती चिकटून उतरलीस, पाऊल तसूभरही सरकलं नाही. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. पंचांना टाळ्या वाजवता येत नाहीत, त्यामुळे सवय नव्हती, हात लाल झाले.

आणि मग गुण लागले.

इतके कमी बघून माझं डोकं फिरलं. मी ओरडले. माझ्या जुन्या टेबलाकडे बोट करून, नावं घेऊन. तिथे बसलेल्यांपैकी दोघी माझ्या हाताखाली शिकलेल्या आहेत. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही का, मुलगी काय करून गेली. मागची बाई म्हणाली खाली बसा. टोपीवाल्यांनी माझा कोट धरून मला खाली ओढलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाई, पंच शिकलेले असतात. इतक्या लांबून आपल्याला काय कळणार?"

मी खाली बसले. त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली. तेवढ्यात बेरीज वर आली आणि जेमतेम एका दशांशाने तुम्ही आठवे, म्हणजे अंतिम फेरीतली शेवटची जागा तुमची. टोपीवाल्यांनी विचारलं, तुमची कोण लागते ती. मी म्हटलं, भाची. ते म्हणाले, मग बरोबर आहे.

अंतिम फेरीत तुम्ही शेवटचे आलात, त्याचं मला काही वाटत नाही, आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर बघितलं तर तुलाही वाटलेलं दिसत नव्हतं. सगळ्या जणी एकमेकींच्या गळ्यात पडला होतात. हे कॉलेजचं खूळ तू तिथे नेलंस.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी हॉटेलात बसून तुझा बीमचा व्हिडिओ बघितला. सावकाश, थांबवून, पेन घेऊन, नेहमीसारखा. हललीस तेव्हाची वजावट, उडीत न ताणलेले पाय, टाच पुन्हा लवकर. सगळं मांडून बेरीज केली. त्यांनी जे दिले त्याहून माझे तीन दशांश कमी आले. दोनदा करून बघितलं, तेवढेच.

त्या खुर्चीवर मी असते तर तुम्ही अंतिम फेरीत गेला नसता. बरं झालं मी प्रेक्षकांत होते.

तुझी आत्या